उपाशी पांढरं आणि मेलेलं पांढरं

"कशावरून?" असं विचारताना आपा मान डावीकडे वळवायच्या आणि उजवा कान समोरच्याच्या तोंडापाशी आणायच्या. समोरच्याला वाटायचं, ही बाई आपली झडती घेतेय. खरं म्हणजे त्यांचा डावा कान कामातून गेला होता. हे कळायला मला बरेच महिने लागले. कळल्यावरही झडतीची भावना काही गेली नाही, कारण दोन्ही कान धड असते तरी त्यांनी तेच विचारलं असतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. मेथी आजचीच आहे म्हटलं तर जुडीची मुळं चिमटीत धरून पाहणारं, डॉक्टरनं गोळी दिली तर ती कशासाठी ते दोनदा विचारणारं. आपण अशांना टाळतो. मीही टाळलं असतं, पण त्या माझ्या दुकानातच येऊन उभ्या राहिल्या.

औरंगपुऱ्यात माझं रंगीत माशांचं दुकान आहे. मी मूळचा कन्नड तालुक्यातला. माशांशी आमच्या घराचा संबंध ताटापुरता, तोही कधीमधी. समुद्र मी शाळेच्या सहलीत एकदा किनाऱ्यावरून पाहिलेला. धंद्यात मात्र चांगला रुळलो होतो. काचेच्या टाक्या, गोल्डफिश, गप्पी, पाण्यात बुडबुडे सोडणारे पंप, असा सगळा सरंजाम होता.

आपा पहिल्यांदा आल्या तेव्हा मला गिऱ्हाईकच वाटल्या. वय साठीच्या आसपास, सुती सलवार-कमीज, पायात पुरुषी सँडल, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका टाकीसमोर काचेला नाक टेकेल इतक्या वाकून पाहिलं. मासे कुठून आले, कधी आले, पाणी बोअरचं की नळाचं, हे विचारून झालं. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या जाळीकडे त्यांनी बोट केलं.

"सगळ्या टाक्यांना ही एकच जाळी?"

मी म्हणालो, रोज धुतो ना.

"कशावरून?"

माझी जाळी मी धुतो हे कशावरून, याला उत्तर काय द्यायचं? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. काहीही न घेता गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. मग त्याच्या पुढच्याही आठवड्यात.

मला धडकी भरायला कारण होतं. दुकानाच्या मागच्या अंगाला मी एक हिरवा पडदा लावला होता आणि त्यामागे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यात पाच कोरल होती. कोरल म्हणजे प्रवाळ, त्यातही दगडी जातीचं. बीड बायपासच्या एका बिल्डरला बंगल्याच्या हॉलमध्ये समुद्र हवा होता आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मला तो थर्माकोलच्या खोक्यातून पाठवला होता. परदेशात शेती करून वाढवलेला माल आहे, कागद मागाहून पाठवतो, असं तो म्हणाला होता. कागद आले नाहीत. कायद्यानं वाघाला जपतात तसंच या प्रवाळांनाही जपतात, हे मी कुठंतरी ऐकलं होतं आणि ऐकलं नसल्यासारखं केलं होतं.

अशा वेळी दर आठवड्याला एक बाई येते, काही घेत नाही, प्रश्न विचारते आणि जाताना पडद्याकडे एकदा बघते. मी तिला कोण समजणार?

समोरचा चहावाला रोशन गेटकडे राहतो. आपांच्या गल्लीच्या पुढचीच त्याची गल्ली. मी त्याला चौकशीला लावलं. तिकडं सगळे त्यांना आपा म्हणतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्यानं आणलेल्या एकेका बातमीनं माझा संशय वाढतच गेला. बाई बिडकीनची, बापाची शेती होती, पोहायला विहिरीत शिकली. इथंच कॉलेज केलं आणि मग समुद्राच्या नोकरीत दूरच्या बेटांवर गेली. लग्न केलं नाही. आईच्या दुखण्यात परत आली, आई गेली तरी इथंच राहिली.

"समुद्राची नोकरी म्हणजे?" मी विचारलं.

"सरकारी असंल," तो म्हणाला. "आणि सेठ, एक लई चमत्कारिक आहे. त्यांच्या गच्चीवर म्हयन्यातून एकदा काळा रबरी माणूस टांगलेला असतो."

तो रबरी माणूस म्हणजे पाणबुड्याचा पोशाख होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं अशा आपल्या शहरात ही बाई दर महिन्याला दोन बादल्या पाणी घालून, ब्लीचिंग पावडर कालवून, तो पोशाख धुवायची आणि उन्हात टाकायची. समुद्रात जाणं कधीचं सुटलेलं होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, डोक्यावर परिणाम झालाय. मला मात्र वाटलं, नोकरी अजून चालू असणार, हे सोंग आहे.

उन्हाळ्यात पाचातल्या एका प्रवाळाला बुडाशी पांढरा डाग पडला. हरणाच्या शिंगासारखं फाटे फुटलेलं, फिकट जांभळं प्रवाळ होतं ते. मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दिवा जास्त होतोय, कमी करा. मी कमी केला. तीन दिवसांत डाग बोटभर वर चढला आणि शेजारच्या प्रवाळावरही एक ठिपका उमटला. पुन्हा फोन केला तर तो उचलेना.

मग मी ते केलं जे करायचं नव्हतं. मोबाइलवर फोटो काढला आणि आपा आल्या तेव्हा सहज दाखवावा तसा दाखवला. पुण्यात एक मित्र आहे, त्याच्या टाकीत असं झालंय, तुम्हाला काही कळतं का, असं विचारलं.

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.

"मित्राचं आहे?"

"व्हय."

"कशावरून? काचेत हिरवा पडदा दिसतोय, भाऊ."

त्यांनी फोन परत दिला आणि मला न विचारता पडदा बाजूला करून आत गेल्या.

मला वाटलं होतं, आता ओरडतील, नाहीतर फोन लावतील. त्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसल्या. खूप वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं आणि ते आजारी निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग पिशवीतून भिंग काढलं, माझ्याकडून विजेरी आणि प्लास्टिकची पट्टी मागितली.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही गिऱ्हाइकांना सांगतो. हा दगड नव्हे, वस्ती आहे. मोहरीएवढे, ज्वारीच्या दाण्याएवढे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि अंगातल्या चुन्यानं खाली घर बांधत जातात. त्यांच्या कातडीत बारीक शेवाळ राहतं, तेच त्यांना रंगही देतं आणि जेवणही. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पण ते मेलेलं नसतं. आरपार दिसणारं मांस अजून अंगावर असतं आणि पाणी वेळेवर निवलं तर ते वाचू शकतं.

"ते उपाशी पांढरं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, हे मेलेलं पांढरं. इथं मांस नाहीच. रोग पुढं सरकतो तसं कातडं सुटत जातं आणि मागं नुसतं हाड राहतं. लोक दोन्हीला एकच समजतात आणि दिव्याला दोष देतात."

मी विचारलं, दोन्हींत फरक कळतो कसा? त्या म्हणाल्या, जवळ गेल्यावर. लांबून सगळं पांढरं सारखंच.

मग त्यांनी विचारलं, ही टाकीत सोडताना कोणती जाळी वापरली. पाचांना एकच, मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

शेवटी त्यांनी मला एका प्रवाळाचं बूड दाखवलं. शेतीत वाढवलेलं प्रवाळ सिमेंटच्या किंवा मातीच्या बिल्ल्यावर लावलेलं असतं. इथं बिल्ला नव्हता. छिन्नीनं फोडल्याची ताजी कड होती. म्हणजे हा माल कुठल्या शेतातून आला नव्हता. जिवंत समुद्रातून तोडून आणला होता.

मी घाबरलो. म्हणालो, आपा, सगळं उपसून टाकतो, कुणाला कळायचं नाही. त्या म्हणाल्या, आजारी आहेत ती मरतील, ते खरंच कुणाला कळणार नाही. पण धड आहेत त्यांचं काय? आणि तो माणूस उद्या दुसऱ्याला विकेल, त्याचं काय?

"तुम्ही सांगणार वरती?"

"मी नाय सांगणार. तुम्ही सांगायचं."

मला वाटलं, हा सापळा आहे. मी आपल्या तोंडानं कबूल करावं म्हणून ही बाई इतके महिने दुकानात येत होती. तसं मी बोलूनही दाखवलं. तुमचा यात काय फायदा, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. त्या माशांच्या खाद्याच्या डब्यावर बसल्या आणि त्यांनी मला त्यांची हकीकत सांगितली.

त्या प्रवाळांच्या आजारांची पाहणी करायच्या. पाण्याखाली जाऊन दोरी लावायची, पट्टी धरून फोटो काढायचे, कुठं किती रोग आहे ते नोंदवायचं. दोन प्रवाळभिंती होत्या, एक आजारी आणि एक ठणठणीत. नियम असा की आजारी भिंतीवरून वर आल्यावर पोशाख, पायातले पंखे, दोऱ्या, सगळं औषधाच्या पाण्यात धुवायचं आणि मगच दुसरीकडे जायचं. त्या दिवशी हवा बिघडत होती. नावाडी घाई करत होता. पथकाच्या प्रमुख आपाच होत्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आज नुसतं समुद्राच्या पाण्यात खळबळा आणि चला. काही महिन्यांनी त्या ठणठणीत भिंतीवर तसाच पांढरा पट्टा सरकताना दिसला.

वरिष्ठ म्हणाले, प्रवाहाबरोबर आला असेल. तसं होऊही शकतं. आपांनी अहवालात लिहिलं की आमच्या सामानातूनही आला असेल. तेवढा परिच्छेद गाळून अहवाल छापला गेला. पुढं एका खोल बुडीत त्यांचा कान फुटला आणि पाण्यात जाणं बंद झालं.

"प्रवाहानं आला असंल, किंवा माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "कुणीच सिद्ध करू शकत नाही. मी पण नाय. म्हणून मी धुते."

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो. आपा बरोबर आल्या, पण बाहेर बाकावर बसल्या. साहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि त्यांना माझाच संशय आला. तुम्हीच आणता, तुम्हीच सांगायला येता, यात डाव काय आहे, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. मग बाहेरच्या बाई कोण, त्यांचा काय संबंध, असं त्यांनाही आत बोलावून विचारलं. आपा खूश झाल्यासारख्या दिसल्या. कुणीतरी नीट चौकशी करतंय, एवढं त्यांना पुरे होतं.

पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला. व्यापाऱ्याचा पत्ता मी दिला. मुंबईत त्याचा गाळा सापडला तो रिकामाच. बिल्डरनं त्याच्या हॉलमध्ये धबधबा बसवून घेतला. माझ्या तारखा अजून चालू आहेत.

प्रवाळं जप्त तर झाली, पण ठेवायची कुठं? खात्याकडे हरणासाठी पिंजरा होता, मोरासाठी होता, खाऱ्या पाण्याची टाकी नव्हती. तेव्हा वरून हुकूम येईपर्यंत ती सुपूर्दनाम्यावर माझ्याकडेच ठेवायची असं ठरलं. म्हणजे मुद्देमाल सरकारचा, जबाबदारी माझी. मेली तर उत्तर मी द्यायचं.

आपा रोज अकराला येऊ लागल्या. हाडं कापायची मजबूत कात्री त्यांनी कुठूनशी आणली. जांभळ्या प्रवाळाचा रोगट भाग धड भागातूनच, दोन बोटं पुढं जाऊन, कापला. उरलेला तुकडा आयोडीनच्या पाण्यात बुचकळून वेगळ्या टाकीत ठेवला. पाच प्रवाळांना पाच टाक्या, पाच जाळ्या, प्रत्येक जाळीला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल दोऱ्याची जाळी हिरव्या दोऱ्याच्या टाकीजवळ नेली तरी त्या माझ्याकडे बघायच्या.

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. एकदा टाकीचं झाकण उचलताना मला दिसलं, कडेला कागदाची बारीक पट्टी गोंदानं चिकटवली होती. मी मागं झाकण उघडतो की काय, ते कळावं म्हणून. मला राग आला. जिनं मला कबूल करायला लावलं, जिच्यासाठी मी साहेबांची बोलणी खाल्ली, ती माझ्यावर पाळत ठेवते. त्या हात धुवायला गेल्या तशी मी त्यांची वही उघडली. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचं होतं.

माझ्याबद्दल फारसं काही नव्हतं. वहीत रोजची तारीख, पाण्याची उष्णता, पट्टा किती सरकला, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी. "जाळी बदलली, पण आधी हात धुतले का, आठवत नाही." "ओढणीचं टोक दोन टाक्यांना लागलं असेल. शक्यता आहे." "आज सर्दी आहे. उद्या जाऊ नये." त्या खरोखरच दुसऱ्या दिवशी आल्या नव्हत्या, आणि मी मनात म्हटलं होतं, कंटाळली बाई. पानोपानी ज्या माणसावर पाळत होती ते माणूस त्या स्वतःच होत्या.

मी वही होती तशी ठेवली. त्या परत आल्यावर म्हणालो, आपा, मीच पट्टी लावत जाऊ का रोज? म्हणजे तुम्ही उघडता की नाही ते मला कळेल.

त्या पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. "लावा की," म्हणाल्या.

जांभळं प्रवाळ वाचलं नाही. कापलेल्या तुकड्यावरही आठ दिवसांनी पांढरं दिसलं. ठिपका पडलेलं दुसरंही त्याच्या मागोमाग गेलं. आपांनी त्या दोघांची हाडं कोरडी करून, चिठ्ठ्या लावून, वनखात्यात नेऊन दिली. मेलं म्हणून मुद्देमाल फेकायचा नसतो, असं त्या साहेबांना म्हणाल्या, आणि साहेबांनी उठून ते खोकं दोन्ही हातांनी घेतलं. उरलेल्या तिघांवर आम्ही दिवाळीपर्यंत नजर ठेवली. डाग आला नाही. एके सकाळी त्यातल्या एकानं सगळी तोंडं उघडली होती, गव्हाच्या ओंबीसारखा पिसारा बाहेर काढून. आपांनी मला हाताला धरून टाकीजवळ नेलं आणि मी पाहिलं याची खात्री करून घेतली.

हुकूम आला तो हिवाळ्यात. कोकणातल्या एका संशोधन केंद्रात टाकी होती, तिथं तिन्ही प्रवाळं पोचवायची. खात्याची जीप, एक तरुण वनरक्षक मुलगी, चालक, सुपूर्दनाम्यावर सही असलेला मी आणि जाणकार म्हणून आपा. त्या आधी नाही म्हणाल्या. समुद्राजवळ जायला त्यांचं मन घेत नव्हतं. मी फार आग्रह केला नाही. एवढंच म्हणालो, वाटेत काही झालं तर मला काही कळणार नाही. ठरल्या दिवशी उजाडताना त्या पिशवी घेऊन जीपपाशी उभ्या होत्या.

तिथून त्या परत आल्या नाहीत. केंद्रातल्या मुलामुलींना आजार ओळखायला शिकवायला त्या आठ दिवस राहिल्या, मग महिनाभर, मग त्यांनी इथली खोलीच सोडली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. तिन्ही धड आहेत, असं आधी सांगायच्या आणि मग तारखेचं काय झालं ते विचारायच्या. मागच्या हिवाळ्यात एक फोन त्यांच्या भाच्याचा आला, बिडकीनहून. दोन दिवसांच्या तापात गेल्या होत्या. मातीही कोकणातच झाली. ताप कसला होता ते नीट कळलं नाही, आणि आपांशिवाय ते खोदून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मला त्या आठवतात त्या जीपमधल्या. थर्माकोलचं खोकं सकाळपासून त्यांच्या मांडीवर होतं. वनरक्षक मुलीनं दोनदा हात पुढं केला, दोनदा त्यांनी मान हलवली. नगरला आम्ही जेवायला उतरलो, त्या उतरल्या नाहीत. तासातासाला झाकण जरा उचलून थर्मामीटर पाहायच्या आणि चालकाला म्हणायच्या, हळू.

माळशेज घाट लागायच्या आधी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"धरा," म्हणाल्या, आणि खोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, ओढणी खांद्यावरून घसरलेली. मला वाटलं, परीक्षा घेतायत. डोळ्यांच्या फटीतून बघत असतील. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. एका वळणावर जीप कलली, खोक्यातलं पाणी डुचमळलं, वनरक्षक मुलीनं दचकून सीट धरली. आपा जाग्या झाल्या नाहीत.

घाट उतरेपर्यंत मी पाय हलवला नाही.